गॅस गिझर रुसला की तुम्ही काय करता?

परवा सकाळी साडेसहाला डोक्याला शांपू चोळला आणि पाणी गार झालं. गिझरची चटचट चालू, पण पेटताना ‘भक्’ होतं ते काही होईना. टॉवेल गुंडाळून बाल्कनीत जाऊन बघितलं, समोरच्या काकूंनी मला बघितलं, ते असो. मेकॅनिक फोनवरच म्हणाला, “साहेब, आतलं किट गेलं असणार, चौदाशे होतील.” न बघता! येणार रविवारी. गिझर सहा लिटरचा, सिलिंडरवरचा, चार वर्षांचा. सेल बदलून झालेत. तोवर आपापले अनुभव येऊ द्या. इथे पुण्याच्या थंडीत तिघांचं पाणी पातेल्यात तापतंय.

नाशिक रोड
सेल बदललेत, पण कुठले? हसू नका. मला दुकानदाराने कधीचे पडून असलेले जाडे सेल दिले होते. ठिणगी पडायची, ज्योत यायची आणि दोन सेकंदांत विझायची. ठिणगीपुरता जोर होता, गॅसचा व्हॉल्व्ह उघडा धरण्यापुरता नव्हता. शिवाय डबीतली स्प्रिंग हिरवी पडली असेल तर पॉलिश पेपरने घासा.

कोल्हापूर, सगळ्यात वरचा मजला
आमचं दुखणं वेगळं, चटचटसुद्धा नाही. गिझरमध्ये एक रबरी पडदा असतो. पाण्याच्या जोराने तो फुगतो, दांडी ढकलतो, मग स्विच लागतो आणि गॅस सुटतो. पाण्याला फोर्स नाही तर गिझर ढिम्म. दहा मीटर उंचीच्या पाण्याचा दाब साधारण १ बार. आमची टाकी गिझरच्या जेमतेम दीड मीटर वर, म्हणजे ०.१५ बार. त्यात पाणी आत येतं तिथल्या जाळीत टाकी धुतल्यावरची रेती अडकलेली. नळ बंद करून नट सोडला, जाळी जुन्या टूथब्रशने धुतली, पाच मिनिटांत गिझर सुरू. त्याआधी दोन मेकॅनिक येऊन पैसे घेऊन गेले होते.
तुमची चटचट ऐकू येते म्हणजे पाणी पोचतंय. गॅसकडे बघा.

सोलापूर
आमच्याकडे बोअरचं पाणी. गरम पाण्याची धार महिन्यागणिक बारीक होत गेली आणि एक दिवस गिझर पेटेनासा झाला. तांब्याच्या कॉइलमध्ये क्षारांचा थर. ढोकळ्यात घालतो ते सायट्रिक अ‍ॅसिड पाण्यात कालवून मेकॅनिकने कॉइलमध्ये भरून ठेवलं. नंतर जे पांढरं पाणी निघालं, बघवत नव्हतं.

ठाणे
आमचे हे रोज ओरडायचे, “बरोबर अंघोळीच्या शेवटी बंद पडतो!” पुस्तिका काढून वाचली. वीस मिनिटांनी आपोआप बंद होण्याची सोय आहे. गिझर ठणठणीत आहे.

न्यू जर्सी
इकडे तळघरात मोठ्या टाकीचा हीटर, त्यात सतत जळणारी छोटी पायलट ज्योत. बटण दाबून धरलं की पेटायची, सोडलं की विझायची. थर्मोकपल गेलं होतं. ज्योतीच्या उष्णतेवर त्यात काही मिलिव्होल्ट वीज तयार होते आणि तेवढ्यावर गॅसचा व्हॉल्व्ह उघडा राहतो. तो तुकडा बदलला, काम झालं. आईला व्हिडिओ कॉलवर दाखवलं तर म्हणे, “बंब बरा होता.”

सांगली
जरा गंभीर लिहिते. आमचं पाणी नुसतं कोमट यायला लागलं होतं आणि ज्योत निळीऐवजी पिवळी. चालतंय म्हणून चालवलं. गिझर बाथरूमच्या आतच, वरून थंडी म्हणून खिडकीच्या फटींत कागद कोंबलेले. लेक अंघोळीला गेली आणि हाकेला ओ देईना. कडी आतून होती, दार ढकलून तोडलं. दवाखान्यात कळलं, कार्बन मोनॉक्साइड. त्याला वास नाही, रंग नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटीने चिकटतो. ती वाचली. बर्नरवर आणि वरच्या पत्र्यांत काजळी साचली होती. आता गिझर बाहेर भिंतीवर आहे आणि बाथरूमला कडी नाही, नुसता पडदा. पाहुणे बिचकतात, बिचकू देत.

धागाकर्त्यांना विचारते, पेटायचा थांबण्याआधी तो कधी उशिरा, मोठ्या आवाजाने पेटला होता का? तसं असेल तर पुन्हा पुन्हा नळ सोडून बघू नका, आत गॅस साचतो. सिलिंडर बंद ठेवा. वास आला तर १९०६ ला फोन.

धागाकर्ता
हो, आठवडाभर मोठ्याने भडकत होता, मी लक्ष दिलं नव्हतं. सांगलीच्या ताईंचं वाचल्यावर लगेच रेग्युलेटर बंद केला.
आज मेकॅनिक आला. पुढचं कव्हर उतरवलं आणि दोघंही बघत राहिलो. ठिणगीच्या पिनेजवळच्या बर्नरच्या तोंडाशी कुंभारीण माशीने मातीचं घर बांधलेलं. छान गुळगुळीत, अंगठ्याएवढं. आत हिरव्या अळ्या ओळीने भरलेल्या. गॅस ठिणगीपर्यंत पोचतच नव्हता. त्याने माती खरवडली, ब्रश फिरवला, सांध्यांना साबणाचं पाणी लावून बुडबुडे येत नाहीत ना ते बघितलं. अडीचशे घेतले. “किट?” मी विचारलं. म्हणाला, “किट चांगलंय की.”