सल्ला हवा: कॅलिफोर्नियात 'नो पेट्स' अपार्टमेंटसाठी ईएसए (भावनिक आधाराचा प्राणी) लेटर कसं आणि कुणाकडून घ्यायचं?

चाफेकळी

नमस्कार मंडळी. आम्ही सॅन होजेला राहतो. आमचं लीझ संपत आलंय आणि नवऱ्याचं ऑफिस सनीवेलला गेलंय. तिथे आवडलेलं आणि परवडणारं एकच अपार्टमेंट मिळतंय, पण तिथे कुत्री-मांजरं चालत नाहीत. आमच्याकडे मोती आहे. शेल्टरमधून आणलेला, चांगला मोठा, अंगात पिटबुलचं रक्त असावं असं शेल्टरवाले म्हणाले होते.

मला बऱ्याच वर्षांपासून अँक्झायटीचा त्रास आहे. मधला काळ फार वाईट गेला. घराबाहेर पडणं बंद झालं होतं, रात्र रात्र जागी असायचे. मोती आल्यापासून सकाळी त्याला फिरवायला का होईना बाहेर पडते, आणि छातीत धडधडायला लागलं की तो शेजारी येऊन बसतो, त्याने खरंच फरक पडतो. त्याला कुणाकडे देऊन टाकायचा विचारही करवत नाही.

प्रश्न असे: 'दहा मिनिटांत लेटर' देणाऱ्या साइट्स दिसतात, त्या चालतात का? मी दर आठवड्याला पुण्यातल्या एका समुपदेशकांशी व्हिडिओवर बोलते (मराठीत बोलता येतं म्हणून), त्यांचं पत्र चालेल का? लँडलॉर्ड नाही म्हणू शकतो का? आणि मी एच-४ वर (नवऱ्याच्या व्हिसावर अवलंबून असलेल्या व्हिसावर) आहे, ग्रीन कार्डची फाइल सुरू आहे. हे सगळं कागदावर आलं तर पुढे अडचण येईल का? इथल्या डॉक्टरांकडे मी वर्षाच्या तपासणीला जाते, झोपेसाठी त्यांनीच औषध दिलंय.

टेकडीवरचा

साइटच्या नादी लागू नका. माझ्या रूममेटने तसं पत्र विकत घेतलं होतं. सोबत प्लास्टिकचं ओळखपत्र आणि कुत्र्यासाठी जॅकेटही आलं. लीझिंग ऑफिसने पत्रावरचा लायसन्स नंबर तपासला, तो दुसऱ्याच राज्यातला निघाला, आणि पत्र परत आलं. पैसे गेलेच, वर ऑफिसचा विश्वासही गेला.

निशिगंध_बे

चाफेकळी, मी कॅलिफोर्नियात परवानाधारक क्लिनिकल सोशल वर्कर म्हणून काम करते, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते. तुमची बाजू तुम्हाला वाटते त्यापेक्षा भक्कम आहे.

आधी कायदा. घरांच्या बाबतीत भेदभाव करू नये यासाठीचा केंद्राचा फेअर हाउसिंग ॲक्ट १९६८ चा, आणि त्यात अपंगत्वाचा समावेश झाला १९८८ मध्ये. मानसिक आजारामुळे रोजच्या जगण्यातल्या महत्त्वाच्या गोष्टींवर मोठी मर्यादा येत असेल, तर तोही यात येतो. अशा व्यक्तीला घराचा नीट उपभोग घेता यावा म्हणून मालकाने आपल्या नियमात वाजवी सवलत द्यावी, असं हा कायदा सांगतो. 'नो पेट्स' हा असाच एक नियम. कायद्याच्या दृष्टीने मोती पाळीव प्राणी राहत नाही, आधाराचा प्राणी ठरतो. म्हणून पेट डिपॉझिट नाही, पेट रेंट नाही, वजनाची किंवा जातीची अटही लागू नाही. पिटबुलच्या नावाने सरसकट नकार देता येत नाही. याच कुत्र्याने कुणाला इजा केली आहे किंवा तसा खरा धोका आहे, असं काही ठोस असेल तरच नकार टिकतो. मोडतोड झाली तर तिचा खर्च मात्र तुमचाच.

आता पत्राबद्दल. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२२ पासून एबी ४६८ हा कायदा लागू आहे. भावनिक आधाराच्या कुत्र्यासाठी पत्र देणाऱ्याकडे चालू आणि वैध परवाना हवा, जिथे पत्र देतोय तिथे काम करण्याचा अधिकार हवा, पत्राच्या आधी निदान ३० दिवस तुमच्याशी उपचाराचं नातं हवं, आणि कुत्र्याची गरज आहे का याची प्रत्यक्ष क्लिनिकल तपासणी त्याने केलेली हवी. पत्रात परवान्याचा प्रकार, नंबर, तो कुठला आणि कधीपासूनचा हेही लिहायचं असतं. दहा मिनिटांच्या साइट्स इथेच गळून पडतात. ओळखपत्र, प्रमाणपत्र, 'राष्ट्रीय नोंदणी' यांना कायद्यात काहीही किंमत नाही. अशी सरकारी नोंदणीच अस्तित्वात नाही. या धंद्याबद्दल केंद्राच्या गृहनिर्माण खात्याने, म्हणजे हडने, नोव्हेंबर २०१९ मध्ये फेडरल ट्रेड कमिशनला (ग्राहकांचं हित बघणारी केंद्राची संस्था) चौकशीची विनंती करणारं पत्रसुद्धा लिहिलं होतं.

पुण्याच्या समुपदेशकांचं पत्र कॅलिफोर्नियात चालणार नाही. त्यांचं काम कमी दर्जाचं आहे असं अजिबात नाही. फक्त त्यांना इथला परवाना नाही. त्यांना सोडू नका! मायबोलीत मन मोकळं करता येणं ही उपचारातली फार मोठी गोष्ट आहे, आणि ती इथे सहज मिळत नाही. तुमच्या लेखी संमतीने त्यांना एक छोटा सारांश लिहायला सांगा: किती काळ भेटताय, काय त्रास होता, मोती आल्यावर काय बदललं.

तो सारांश घेऊन तुमच्या इथल्या डॉक्टरांकडे जा. तुमच्या लक्षात आलं नसावं, पण ३० दिवसांची अट तुम्ही तिथे केव्हाच पूर्ण केली आहे. पत्र मानसोपचारतज्ज्ञानेच द्यावं असं काही नाही. फॅमिली डॉक्टर, नर्स प्रॅक्टिशनर, सायकॉलॉजिस्ट, सोशल वर्कर, कुणीही परवानाधारक आपल्या कामाच्या कक्षेत राहून देऊ शकतो. फक्त वार्षिक तपासणीच्या शेवटच्या दोन मिनिटांत हा विषय काढू नका. यासाठीच वेगळी अपॉइंटमेंट घ्या आणि तिथे "मला लेटर हवंय" अशी सुरुवात न करता त्रासापासून सुरुवात करा. झोप, बाहेर पडणं, धडधड, आणि मोतीमुळे यातलं नेमकं काय हलकं होतं. डॉक्टरांना हा दुवा दिसला पाहिजे, कारण पत्रात त्यांना तोच लिहायचा आहे.

काही डॉक्टर अशी पत्रं देत नाहीत. काही दवाखान्यांचं तसं धोरणच असतं. तसं झालं तर बिहेवियरल हेल्थचा (मानसिक आरोग्य विभागाचा) रेफरल मागा. राज्याच्या नियमांखाली येणारा इन्शुरन्स असेल तर तातडीची नसलेली मानसिक आरोग्याची अपॉइंटमेंट १० कामकाजाच्या दिवसांत देणं त्यांना बंधनकारक आहे. मग ३० दिवस नव्याने मोजावे लागतील, म्हणून आजच फोन करा.

फ्रीमाँटचा_घरमालक

मालकाची बाजू पण लिहितो. माझा एक काँडो भाड्याने आहे. माझ्याकडे असं पत्र आलं होतं आणि मी होकार दिला. खरं सांगायचं तर सुरुवातीला राग आला होता, कारण मीच 'नो पेट्स' लिहिलं होतं. वकिलाने समजावलं की पत्राची खातरजमा करायचा हक्क मला आहे, पण आजाराचं नाव विचारायचा नाही. वैद्यकीय कागदही मागायचे नाहीत, आणि परवाना खरा आहे का ते राज्याच्या साइटवर बघता येतं.

मला ज्याची काळजी होती ते सांगतो, कारण तुमच्या लँडलॉर्डलाही तीच असणार. एकटा असताना कुत्रा भुंकत राहील का, कॉमन एरियात घाण होईल का, आणि इन्शुरन्सवाले काय म्हणतील. माझ्या भाडेकरूने न विचारता लसीकरणाचे कागद, काउंटीचं डॉग लायसन्स आणि आधीच्या लँडलॉर्डचं दोन ओळींचं शिफारसपत्र दिलं. यातलं शिफारसपत्र तर तिच्यावर बंधनकारक नव्हतंच. पण माझं मन त्यानेच निवळलं.

रानवारा

लेटर लीझवर सही केल्यावरच दाखवा, आधी दाखवलंत तर दुसरंच काही कारण सांगून नाही म्हणतील. आमच्या ओळखीत झालंय.

निशिगंध_बे

रानवारा, कायद्याने विनंती केव्हाही करता येते, सहीच्या आधी, नंतर, राहायला गेल्यावरही. भीती खोटी नाही, असे नकार येतात. तरी माझं मत वेगळं आहे. अर्ज मंजूर झाल्यावर, पण सही करण्याच्या आधी, लेखी सांगावं. मंजूर झालेला अर्ज पत्र दिल्यावर अचानक नामंजूर झाला, तर कारण उघड दिसतं आणि तक्रारीला बळ मिळतं. शिवाय ज्या घरात पुढची काही वर्षं काढायची तिथे पहिल्याच दिवशी मोतीला लपवत आत नेण्याचा ताण, अँक्झायटी असलेल्या माणसाने का घ्यावा? सगळं ईमेलवर करा. फोनवर बोलणं झालं तरी नंतर "आपलं असं बोलणं झालं" म्हणून ईमेल टाका.

नकार आलाच तर कॅलिफोर्नियाच्या सिव्हिल राइट्स डिपार्टमेंटकडे (राज्याचं नागरी हक्क खातं) किंवा हडकडे तक्रार करता येते, दोन्हीकडे फी नाही. हडकडे घटनेपासून १ वर्षाच्या आत, थेट कोर्टात जायचं तर २ वर्षांच्या आत. केंद्राची मार्गदर्शक पत्रकं सरकार बदललं की बदलतात, त्यामुळे इथे राज्याच्या कायद्याचा हात धरणं जास्त भरवशाचं.

कोकणकडा_एनजे

एक सगळ्यांसाठी, कारण आपली बरीच मुलं देशी घरांत एखादी खोली घेऊन राहतात. केंद्राच्या कायद्यातून काही घरं वगळली आहेत: मालक स्वतः राहतो अशी चार किंवा त्याहून कमी बिऱ्हाडांची इमारत, आणि ब्रोकरशिवाय मालकाने थेट भाड्याने दिलेलं स्वतंत्र घर (त्यालाही काही अटी आहेत). राज्याचे कायदे बहुधा याहून कडक असतात. कॅलिफोर्नियात मालक स्वतःच्या घरात राहून एकच खोली एकाच माणसाला देत असेल तेवढीच सूट आहे. म्हणजे एखाद्या काकांच्या घरी एकटेच भाडेकरू असाल तर पत्र दाखवून उपयोग नाही, त्यांच्याशी बोलूनच बघा.

आणि हे पत्र घरापुरतंच आहे. दुकान, हॉटेल, देऊळ इथे ते लागू होत नाही. विमानातही नाही, जानेवारी २०२१ पासून एअरलाइन्सना असे प्राणी केबिनमध्ये घेणं बंधनकारक नाही. मोतीला कुठे 'सर्व्हिस डॉग' म्हणून सांगू नका. ते प्रशिक्षण घेतलेले वेगळे कुत्रे. कॅलिफोर्नियात जाणूनबुजून तसं खोटं सांगणं गुन्हा आहे, १,००० डॉलरपर्यंत दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही.

सावरीचं_झाड

ग्रीन कार्डबद्दल. फेअर हाउसिंग कायद्याचं संरक्षण व्हिसा बघून मिळत नाही, एच-४ असो की विद्यार्थ्यांचा एफ-१. पत्र तुमच्याकडून लँडलॉर्डकडे जातं, इमिग्रेशनकडे जात नाही. ग्रीन कार्डच्या वेळी सिव्हिल सर्जनकडे (इमिग्रेशन खात्याने मान्यता दिलेले डॉक्टर) वैद्यकीय तपासणी होते, आय-६९३ फॉर्म. तिथे मानसिक आरोग्याचा प्रश्न असतो, आणि विचारलं तर खरंच सांगायचं. पण तिथे अडथळा ठरतो तो आजार आणि त्यासोबत स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करणारं वर्तन, असं दोन्ही असेल तेव्हा. नुसते अँक्झायटीसाठी उपचार घेतले म्हणून सहसा ग्रीन कार्ड अडत नाही. मलाही हीच भीती होती आणि त्या भीतीपायी मी उपचार लांबवत होते. वकिलाला एकदा सरळ विचारलं आणि डोक्यावरचं ओझं उतरलं. तुम्हीही तुमच्या वकिलाला विचारून घ्या, पण त्यासाठी डॉक्टरांची अपॉइंटमेंट थांबवू नका.

पर्वतीपायथा

विषयाला थोडं सोडून: आम्ही पुण्याला परत जातोय, आमच्याकडे बीगल आहे. असं पत्र सोसायटीत दाखवता येईल का?

कोकणकडा_एनजे

भारतात घरासाठी ईएसए लेटर असा प्रकार कायद्यात नाही. पण सोसायटीत स्वतःचा फ्लॅट असेल तर पत्राची गरजही पडू नये. ॲनिमल वेल्फेअर बोर्ड ऑफ इंडियाच्या मार्गदर्शक सूचनांनुसार, बहुमताने ठराव करूनही सोसायटीला कुत्रा पाळण्यावर बंदी घालता येत नाही. भाड्याने राहणार असाल तर फ्लॅटमालकाशी आधीच बोलून करारात लिहून घ्या. बाकी चर्चेसाठी वेगळा धागा काढा ना, इथे चाफेकळीचा प्रश्न मागे पडायला नको.

चाफेकळी

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री हे सगळं नवऱ्याला वाचून दाखवलं. डॉक्टरांची अपॉइंटमेंट पुढच्या आठवड्याची मिळाली आहे, फक्त याच विषयासाठी. पुण्याच्या ताई सारांश द्यायला लगेच तयार झाल्या. एवढंच सांगा, लँडलॉर्डला मी स्वतः काय लिहू? आणि डॉक्टरांच्या पत्रात आजाराचं नाव असावं का?

निशिगंध_बे

नाव नको. डॉक्टरांना सांगा की निदान लिहू नका. तुम्ही त्यांच्याकडे उपचार घेता, तुम्हाला कायद्याच्या व्याख्येतलं अपंगत्व आहे, त्याने रोजच्या जगण्यावर मर्यादा येते आणि हा कुत्रा घरात असल्याने ती कमी होते, एवढं पुरे. लेटरहेड, तारीख, सही, परवान्याचा तपशील. कुत्र्याचं वर्णन असलं तर चांगलं.

तुमचा स्वतःचा ईमेल छोटाच ठेवा. अमुक युनिटसाठी माझा अर्ज मंजूर झाला आहे, अपंगत्वामुळे मला आधाराच्या कुत्र्याची गरज आहे, म्हणून प्राण्यांविषयीच्या नियमात वाजवी सवलत मिळावी ही विनंती, डॉक्टरांचं पत्र जोडलं आहे, कृपया लेखी उत्तर द्यावं. शेवटी उत्तर केव्हापर्यंत हवं ती तारीख घाला. त्रासाची कहाणी त्यात लिहू नका, माफी मागू नका. त्यांनी स्वतःचा फॉर्म पाठवला तर भरायला हरकत नाही, पण त्यांच्याच फॉर्मवर लिहा किंवा नोटरी करून आणा असा आग्रह त्यांना धरता येत नाही. फॉर्ममध्ये निदानाचा रकाना असेल तर तो रिकामा सोडा आणि सोबत डॉक्टरांच्या पत्राची प्रत लावा. लसीकरणाचे कागद आणि आत्ताच्या लँडलॉर्डची शिफारस, फ्रीमाँटवाल्यांनी सांगितली तशी, आजच मागून ठेवा. घर सोडायची नोटीस दिल्यावर लोक उत्तरं द्यायला वेळ लावतात.