जावाचं मॉड्यूल, कोटलिनची टेस्ट: लिसनर यायच्या आधीच टेस्ट संपते

निळीशाई (प्रश्न)

आमचं सिंक मॉड्यूल जावात आहे. सेव्ह म्हटलं की ते स्वतःच्या थ्रेडपूलवर (मागे वेगळं चालणाऱ्या थ्रेडच्या गटावर) काम टाकतं आणि झालं की लिसनरला, म्हणजे निकाल ऐकायला ठेवलेल्या आमच्या कोडला, कळवतं. नवं अ‍ॅप कोटलिनमध्ये, त्यामुळे टेस्ट दोन्ही भाषांत. जावाच्या टेस्टमध्ये थ्रेड.स्लीप(२०००) करून मग रेकॉर्ड तपासलंय. बिल्ड सर्व्हरवर लोड असला की ती मधूनच लाल (नापास) होते. कोटलिनमध्ये रनटेस्टच्या (कोरुटिनच्या टेस्ट चालवणाऱ्या फंक्शनच्या) आत डिले(२०००) टाकला, तर दोन सेकंद राहिले बाजूला, टेस्ट क्षणात संपते आणि दरवेळी लाल. म्हणून लिसनरमध्येच असर्ट (व्हॅल्यू जुळली नाही तर एक्सेप्शन फेकणारी तपासणी) टाकला. आता मुद्दाम चुकीची व्हॅल्यू दिली तरी दोन्हीकडे हिरवं! दोन्ही भाषांत चालेल असं काही आहे का?

धागादोरा

डिलेचं आधी सांगते. रनटेस्टचं घड्याळ आभासी असतं. करायला दुसरं काही उरलं नाही की ते थेट २००० मिलिसेकंद पुढे उडी मारतं. जावाच्या पूलला या घड्याळाचा पत्ताच नसतो, त्यामुळे डिले संपतो तेव्हा तिकडचं काम कदाचित सुरूही झालेलं नसतं. आत विथटाइमआउट (वेळेची मर्यादा) लावलात तरी तेच: तो लगेच फुटतो.

लिसनरमधला असर्ट तर अजिबात नको. टेस्ट चालवणाऱ्या जेयुनिटला फक्त टेस्टच्या थ्रेडवरचं एक्सेप्शन दिसतं, पूलच्या थ्रेडवर फुटलेलं तिथेच विरून जातं. खोटं हिरवं हे लालपेक्षा वाईट, कारण त्यावर आपण विसंबून राहतो.

निकाल टेस्टच्या थ्रेडवर आणा आणि तिथे तपासा. मी कम्प्लीटेबलफ्यूचर वापरते, म्हणजे नंतर येणाऱ्या निकालासाठीची रिकामी जागा. जावा ८ पासून आहे आणि दोन्ही भाषांना चालतं. लिसनरच्या यशाच्या मेथडमध्ये कम्प्लीट, अपयशाच्या मेथडमध्ये कम्प्लीटएक्सेप्शनली. कम्प्लीटएक्सेप्शनली राहिलं, तर चूक झाल्यावर खरं कारण दिसायच्या ऐवजी नुसता टाइमआउट दिसतो. मग जावात गेट(५, सेकंद), कोटलिनमध्ये त्याच फ्यूचरवर अवेट. या अवेटसाठी रनटेस्ट खरोखर थांबतं. मर्यादा रनटेस्टच्याच टाइमआउट पॅरामीटरने द्या, ती खऱ्या घड्याळाची असते. काम २० मिलिसेकंदांत झालं तर टेस्टही तेवढ्यातच पुढे सरकते.

अर्धविराम

मी काउंटडाउनलॅच वापरतो, म्हणजे मोजणी शून्यावर येईपर्यंत थ्रेडला थांबवणारं फाटक. जावा ५ पासून आहे, कधी अडलं नाही.

धागादोरा

लॅच चांगलाच आहे. फक्त वेळ संपली तर त्याचा अवेट एक्सेप्शन फेकत नाही, फॉल्स परत करतो. तो असर्टट्रूमध्ये घातला नाही तर लिसनर आला की नाही हे कळतच नाही. शिवाय लॅच एवढंच सांगतो की झालं. काय झालं ते वेगळं साठवावं लागतं.

निळीशाई

फ्यूचरने दोन्हीकडचं सुटलं, मनापासून आभार. आता उलटी बाजू: रद्द केल्यावर लिसनर येताच कामा नये. हे कसं तपासू?

धागादोरा

वाट पाहून हे सिद्ध होत नाही. पाच सेकंदांत आला नाही म्हणजे सहाव्यात येणार नाही असं थोडंच आहे? इथे डिझाइनलाच हात घालावा लागेल, आणि तो घालाच. पूल क्लासच्या आत बनवू नका, कन्स्ट्रक्टरमधून एक्झिक्युटर (दिलेलं काम चालवणारा) म्हणून घ्या.

जावाच्या टेस्टमध्ये असा एक्झिक्युटर द्या, जो आलेलं काम अ‍ॅरेडेकमध्ये (रांगेत) नुसतं ठेवतो. टेस्ट सांगेल तेव्हा एकेक काढून चालवायचं. सेव्ह करा, रद्द करा, रांग रिकामी करा. लिसनर वाजला नाही म्हणजे आता वाजणारच नाही. काम आल्याबरोबर तिथल्या तिथे चालवणारा एक्झिक्युटर इथे नको, कारण सेव्ह परत यायच्या आतच लिसनर वाजून जातो आणि रद्द करायला मध्ये फटच राहत नाही.

कोटलिनमध्ये रांग तयारच आहे: स्टँडर्डटेस्टडिस्पॅचरला रनटेस्टचा टेस्टशेड्युलर द्या, त्यावर अ‍ॅझएक्झिक्युटर म्हणा, ते मॉड्यूलला द्या आणि शेवटी रांग रिकामी करायला अ‍ॅडव्हान्सअनटिलआयडल. त्या टेस्टमध्ये गेट किंवा लॅच मात्र ठेवू नका. कामही त्याच थ्रेडवर चालायचं असतं, तो थ्रेडच अडवलात तर टेस्ट तिथेच अडकून बसेल.

आणि एखाददुसरी टेस्ट खऱ्या पूलवर, फ्यूचरसकट, राहू द्या. सगळं एकाच थ्रेडवर चालवलं तर दोन थ्रेडमधली रेस (कोण आधी पोचतो त्यावर निकाल बदलणारी चूक) तुम्हाला कधीच सापडणार नाही.