मदत हवी आहे: 'कीलहॉर्न' हे जर्मन आडनाव मुळात कुठलं, आणि किती पसरलेलं?

भाष्यवाचक (पुणे)

नमस्कार मंडळी,

आमच्या अभ्यासमंडळात सध्या पातंजल महाभाष्याचं (पाणिनीच्या संस्कृत व्याकरणावरच्या भाष्याचं) वाचन चालू आहे. हाताशी प्रत अर्थातच फ्रान्झ कीलहॉर्न यांची, म्हणजे १८८० ते १८८५ या काळात मुंबईहून तीन खंडांत निघालेली आणि पुढे का. वा. अभ्यंकरांनी सुधारून भांडारकर संस्थेने पुन्हा छापलेली. नव्याने येणाऱ्यांसाठी संपादकाची दोन पानी ओळख लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. बाकीची सामग्री जमली आहे. जन्म १८४०, गाव ओस्नाब्रुक. १८६६ ते १८८१ डेक्कन कॉलेजात संस्कृतचे प्राध्यापक, त्यांच्यानंतर तिथे रा. गो. भांडारकर. नागोजीभट्टाच्या 'परिभाषेन्दुशेखरा'चं संपादन आणि इंग्रजी भाषांतर. 'पंचतंत्र' त्यांनी आणि ब्यूलर या दुसऱ्या जर्मन संस्कृत पंडितांनी वाटून घेऊन संपादित केलं. शेवटी ग्यॉटिंगेन, आणि तिथेच १९०८ मध्ये निधन.

गाडी अडली आहे आडनावावर. मंडळातल्या एका ज्येष्ठांनी ठामपणे सांगितलं, "मूळचे कील शहराकडचे, म्हणून कीलहॉर्न." मला हे काही पटेना. कील पडलं बाल्टिक समुद्रावर, ओस्नाब्रुक तिथून अडीचशे किलोमीटरहून लांब. दुसऱ्या एकांनी शब्दकोश उघडून 'कील' म्हणजे पिसाची लेखणी, 'हॉर्न' म्हणजे शिंग, असा अर्थ लावला आणि वैयाकरणाला किती शोभून दिसतं म्हणून खूश झाले. इतकं शोभणारं काही निघालं की मला आधी शंका येते. (तिसऱ्यांचं म्हणणं, कील म्हणजे संस्कृतातला खुंटाच. ते सोडून देऊ.)

आडनावांचा जगभरचा आकडा सांगणाऱ्या साइटी पाहिल्या, तर एकीचा आकडा दुसरीशी जुळत नाही, आणि तो काढला कसा हे कुणीच सांगत नाही. शिवाय शोधताना जर्मनीतल्या 'कीलहॉर्न' नावाच्या शाळाच पुढे येतात. त्या आपल्या पंडितांच्या नावाच्या नव्हेत. ब्राउनश्वाइगमध्ये हाइनरिश कीलहॉर्न नावाचे शिक्षक होते, शिकण्यात मागे पडणाऱ्या मुलांसाठी त्यांनी १८८१ मध्ये खास शाळा सुरू केली, त्यांच्या नावाच्या त्या शाळा. हे दोघे एकाच घराण्यातले का, हेही कळलं तर हवं आहे.

तर नावाची उत्पत्ती भरवशाने कशी ठरवायची, आज हे आडनाव किती जणांचं आणि कुठल्या भागात आहे ते कुठे पाहायचं, आणि १८४० ची जन्मनोंद मागायची तर कुणाकडे? माझं जर्मन दोन परीक्षांपुरतं. जाणकारांनी सांभाळून घ्यावं.

हानोवरकर

मी या भागात बरीच वर्षं राहतोय, त्यामुळे थोडं सांगू शकतो.

शब्दकोशात शोधून उपयोग नाही, कारण शब्दकोश आजच्या प्रमाण जर्मनचा आणि नाव आहे उत्तरेकडच्या प्लाटड्यूच बोलीचं. प्रमाण भाषेत जिथे 'आइ' येतो तिथे या बोलीत पुष्कळदा जुना 'ई' टिकलेला असतो. त्साइट (वेळ) तिकडे 'तीट', वाइन तिकडे 'वीन', आइस तिकडे 'ईस'. त्याच हिशेबाने प्रमाण भाषेतला 'काइल', म्हणजे पाचर, तिकडे 'कील'. खुद्द कील शहराचं नावही जमिनीत पाचरीसारख्या घुसलेल्या खाडीवरूनच पडलं असं मानतात. म्हणजे शहर आणि आडनाव यांचा शब्द एक असू शकतो, पण म्हणून आडनाव शहरावरून आलं असं होत नाही.

'हॉर्न'चंही तसंच. उत्तरेकडच्या शेतांच्या आणि गावांच्या नावांत हॉर्न म्हणजे कोपरा, पुढे आलेलं टोक. गिफहॉर्न, बॉकहॉर्न ही गावं याच भागात आहेत. दोन्ही जोडले तर 'पाचरीच्या आकाराचा जमिनीचा कोपरा' असा अर्थ निघतो, आणि त्या तुकड्यावर किंवा त्याच्या शेजारी राहणारं कुटुंब ते कीलहॉर्न. राहत्या जागेवरून पडलेल्या आडनावांचा जर्मनीत मोठा वर्ग आहे. गावावरून, धंद्यावरून, बापाच्या नावावरून आणि टोपणनावावरून पडलेली, हे उरलेले वर्ग.

'कील' हे एकटं आडनाव असतं तर मी टोपणनावाचाही विचार केला असता, कारण पाचरीवरून आडदांड माणसाला काइल म्हणत. पण पुढे हॉर्न जोडल्यावर जमिनीचाच अर्थ सरस वाटतो.

जुना_जर्मनशिक्षक

हानोवरकरांशी सहमत, पण एक अट. असा अर्थ आपण बसवला म्हणजे सिद्ध झाला असं नाही. जुन्या जमीनमोजणीच्या नकाशावर त्या नावाचं शेत किंवा वस्ती सापडली आणि त्याच पंचक्रोशीत त्या आडनावाची कुटुंबं सापडली, की मग ठाम बोलावं. तोवर ओळखीत 'बहुधा' ठेवा.

-हॉर्न आडनावांवरून आठवलं. सोळाव्या शतकात ल्यूबेकमध्ये योहान बालहॉर्न नावाचा मुद्रक होता. त्याच्या छापखान्यातून निघालेली शहराच्या कायद्याची 'सुधारलेली' आवृत्ती इतकी बदनाम झाली की शब्दाची किंवा मजकुराची मोडतोड करणे याला जर्मनमध्ये आजही 'फेरबालहॉर्नेन' म्हणतात. पाठशुद्धीत आयुष्य घातलेल्या कीलहॉर्नांचा हा आडनावबंधू! तुमच्या दोन पानांत बसत नसेल तरी वाचनाच्या वेळी सांगा.

सई_द

छान धागा. माझा एक भाबडा प्रश्न: टेलिफोन डिरेक्टरीतून सगळे कीलहॉर्न शोधून थेट मेल का करू नये? कुणी ना कुणी वंशावळ सांगेलच.

हानोवरकर

सईताई, नको. इथे लोकांना असं आवडत नाही, आणि बहुतेकांना आजोबांच्या मागचं माहीतही नसतं. डिरेक्टरीचा उपयोग नकाशासाठी करायचा.

भाष्यवाचक, संख्येचं सांगतो. जर्मनीतल्या आडनावांचा सगळ्यात पक्का अभ्यास म्हणजे फ्रायबुर्ग आणि माइंझ इथल्या विद्यापीठांनी केलेला आडनावांचा अ‍ॅटलास. कोनराड कुंझे आणि डामारिस न्यूबलिंग हे त्याचे मुख्य संपादक, पहिला खंड २००९ चा. त्याचा पाया २००५ सालच्या घरगुती टेलिफोन जोडण्या. तेवढ्यातच साडेआठ लाखांच्या आसपास वेगवेगळी आडनावं निघाली. त्याच सामग्रीवर माइंझच्या अकादमीत आडनावांचा डिजिटल कोश तयार होतोय. तो फुकट पाहता येतो, आणि नोंद असेल तर अर्थाबरोबर नकाशाही मिळतो. तुमचा पहिला क्लिक तिथे.

आता आकडा वाचायचा कसा ते. जोडण्या म्हणजे माणसं नव्हेत. एका जोडणीमागे घरातली सगळी धरावी लागतात, म्हणून अभ्यासक साधारण पावणेतीन-तीनने गुणतात. जगाचे आकडे देणाऱ्या साइटींचा गुणाकार प्रत्येकीचा आपापला, त्यामुळे तुम्हाला आकडे जुळले नाहीत यात नवल नाही. दुसरं म्हणजे नकाशा दोन प्रकारचा असतो: किती जोडण्या, आणि दर दहा लाखांमागे किती. दुर्मीळ आडनावात दुसरा नकाशा फसवतो. विरळ वस्तीच्या जिल्ह्यात दोन भाऊ वेगळे राहिले की तो जिल्हा गडद दिसतो आणि आपल्याला वाटतं, सापडलं मूळ गाव.

तिसरी अडचण मोठी आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर पूर्वेकडून कोटभराहून जास्त जर्मन विस्थापित झाले आणि त्यातले पुष्कळ याच उत्तर भागात येऊन राहिले. त्यामुळे आज एखादं आडनाव आमच्या नीडरसाक्सेन राज्यात दिसलं म्हणजे ते इथलंच, असं नाही. त्यावर तोड म्हणून पहिल्या महायुद्धाच्या सैनिकयाद्या बघा. मृत, जखमी, बेपत्ता, कैदी असे सगळे त्यात आहेत. सुमारे ८५ लाख नोंदी, आणि बहुतेकींत गावही. संगणकावर वंशशोध करणाऱ्यांच्या जर्मन संघटनेने स्वयंसेवकांकडून त्यांची सूची करून घेतली आहे आणि शोध मोफत आहे. विस्थापनाच्या आधीचा नकाशा तिथे मिळतो.

जुना_जर्मनशिक्षक

त्या याद्या गॉथिक टाइपात छापलेल्या आहेत. त्या टाइपात कॅपिटल के आणि आर इतके सारखे दिसतात की मीही भिंग घेतो. तेव्हा 'रीलहॉर्न' म्हणूनही शोधा. 'काइलहॉर्न'ही शोधा, कारण एखाद्या लेखनिकाने बोलीतलं नाव 'शुद्ध' करून लिहिलेलं असू शकतं. आडनावांची स्पेलिंगं पक्की झाली ती सरकारी जन्ममृत्यू नोंदणी आल्यावर. त्याआधी पाद्री कानाला आलं तसं लिहायचा, आणि बाप-लेकांची स्पेलिंगं वेगळी असली तरी कुणाचं काही अडत नसे.

भाष्यवाचक

अरे वा, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. हाइनरिश कीलहॉर्न यांच्याबद्दल काही? आणि जन्मनोंद?

हानोवरकर

दोघांचे भाग आज एकाच राज्यात, नीडरसाक्सेनमध्ये येतात, पण त्यांच्या काळी ही दोन वेगळी राज्यं. ओस्नाब्रुक हानोवरच्या राजाकडे (१८६६ मध्ये ते प्रशियाने गिळलं, योगायोगाने फ्रान्झ पुण्याला आले तेच वर्ष), आणि ब्राउनश्वाइगचा ड्यूक वेगळा. त्यामुळे कागदही दोन ठिकाणी: राज्याच्या अभिलेखागाराच्या ओस्नाब्रुक शाखेत आणि वोल्फेनब्युटेल शाखेत. समान पूर्वज कागदावर सापडेपर्यंत दोन घराणी वेगळीच धरा. पाचरीच्या आकाराचं शेत काही एकाच गावात नसतं, तेव्हा हे आडनाव दोन ठिकाणी स्वतंत्रपणेही पडू शकतं.

जन्मनोंदीसाठी सरकारी कचेरीला लिहू नका. प्रशियात सरकारी नोंदणी सुरू झाली १ ऑक्टोबर १८७४ ला आणि साऱ्या जर्मन साम्राज्यात १ जानेवारी १८७६ ला. १८४० ची नोंद असणार चर्चच्या बाप्तिस्म्याच्या वहीत. आणि इथे ओस्नाब्रुकची खास गंमत आहे. वेस्टफालियाच्या तहानंतर (१६४८) तिथे एकदा कॅथलिक, एकदा प्रोटेस्टंट असे आळीपाळीने बिशप असत, १८०२ पर्यंत. गावात दोन्ही पंथांची जुनी चर्चेस आहेत, सांक्ट मारीन आणि सांक्ट काथारीनेन लुथरन, म्हणजे प्रोटेस्टंट, तर कॅथेड्रल आणि सांक्ट योहान कॅथलिक. म्हणून आधी पंथ ठरवा. प्रोटेस्टंट वह्या 'आर्किऑन' या पोर्टलवर पैसे भरून दिसतात, कॅथलिक वह्या 'मात्रिकुला'वर फुकट. विद्यार्थी असतानाच्या विद्यापीठातल्या नोंदीत किंवा प्रबंधाला जोडलेल्या आत्मवृत्तात पंथ आणि वडिलांचा पेशा लिहायची पद्धत होती, तिथून सुरुवात करा.

वडिलांचा पेशा महत्त्वाचा. ते बदलीचे सरकारी नोकर असले तर मुलगा ओस्नाब्रुकला जन्मला हा निव्वळ बदलीचा परिणाम, आणि आडनावाचं गाव भलतीकडेच. गावातलेच असतील तर मागे जायला एक जास्तीचा दुवा आहे. १८०७ नंतर ओस्नाब्रुक आधी नेपोलियनच्या भावाच्या वेस्टफालिया राज्यात आणि मग थेट फ्रान्समध्ये होतं, त्या चार-सहा वर्षांत फ्रेंच पद्धतीची सरकारी नोंदणी झाली. वडिलांच्या पिढीचं कुणी तिथे सापडू शकतं.

सई_द

म्हणजे आपल्याकडे 'कर' लावलेल्या माणसाचं गाव कळतं पण तो तिथे कधी होता ते कळत नाही, तसंच झालं की हे.

हानोवरकर

अगदी. फरक इतकाच की इथे गावाऐवजी बांधावर जावं लागतं.

भाष्यवाचक

सगळ्यांचे आभार. तूर्त ओळखीत असं लिहितोय: 'कीलहॉर्न हे उत्तर जर्मनीतल्या बोलीतलं आडनाव असून जमिनीच्या पाचरीसारख्या कोपऱ्यावरून ते बहुधा पडलं असावं. कील शहराशी त्याचा थेट संबंध दाखवता येत नाही.' संख्या देत नाही. सैनिकयाद्यांचा नकाशा काढून इथे टाकतो, आणि प्रबंधातलं आत्मवृत्त मिळतंय का ते ग्रंथालयामार्फत विचारतो. पंथ कळला की बाप्तिस्म्याच्या वहीचं पान मागवीन. त्या वहीतली जुनी जर्मन हस्तलिपी मात्र मला वाचता येत नाही. सर, तुम्ही वाचाल का?

जुना_जर्मनशिक्षक

वाचतो. पण पान मूळ फाइलमध्येच पाठवा, व्हॉट्सअ‍ॅपवरून लहान झालेलं नको. त्या हस्ताक्षरात 'यू'च्या डोक्यावर बारीक आकडी असते, तीवरूनच तो 'एन'पासून वेगळा ओळखायचा. 'ई'सुद्धा 'एन'सारखाच दिसतो. आकडी पुसली गेली तर मीही कपाळाला हात लावणार. आणि एकच नोंद कापून पाठवू नका, अख्खं पान पाठवा. त्याच पाद्र्याने बाकीची अक्षरं कशी काढलीत ते पाहूनच नाव लावता येतं. साक्षीदारांचा रकाना दिसू द्या, आडनावाचे काका-मामा पुष्कळदा तिथेच उभे असतात.