दाणे भिंतीत नाहीत, प्रकाशात आहेत

मूळ प्रश्न असा की लाल एलईडी आणि लाल लेसर पॉइंटर दोन्ही अर्धवाहकाचेच, मग दाणेदार चमचम लेसरच्याच ठिपक्यात का? या चर्चेत आधी ‘भिंत खडबडीत असते म्हणून’ असं उत्तर आलंय. ते अर्धंच आहे. एलईडीलाही तीच भिंत मिळते की!

फरक सुसंगतीचा, म्हणजे लहरी एकमेकींशी किती तालात राहतात याचा. ६५० नॅनोमीटरच्या एलईडीचा वर्णपट साधारण २० नॅनोमीटर रुंद. तरंगलांबीच्या वर्गाला या रुंदीने भागलं की सुसंगती-लांबी (जितक्या अंतरापर्यंत लहरी तालात राहतात ती) येते जेमतेम २१ मायक्रोमीटर. लेसरच्या वर्णपटाची रुंदी ०.१ नॅनोमीटर धरली तरी ही लांबी ४ मिलिमीटरच्या वर जाते. शिवाय त्याचा झोत जणू एकाच बिंदूतून निघालेला, म्हणून भिंतीच्या खाचखळग्यांवरून परतलेल्या लहरी एकमेकींत मिसळून कुठे उजळतात, कुठे विझतात.

इथे वसमतला मी मुलांना चुन्याच्या भिंतीवर हेच दाखवतो. डोकं हळूच उजवीकडे नेलं की ज्यांना लांबचं दिसत नाही त्यांना, चष्मा काढल्यावर, दाणे डावीकडे सरकताना दिसतात. सगळा वर्ग उठून उभा राहतो.

ध्रुवीकरणाचं (लहर एकाच दिशेत डोलण्याचं) मात्र कुणीच बोललं नाही. पॉइंटरच्या तोंडासमोर पोलरॉइड (एकाच दिशेत डोलणाऱ्या लहरी जाऊ देणारी चकती) फिरवा: एका कोनात भिंतीवरचा ठिपका जवळपास मावळतो, एलईडीचा तसाच राहतो. (पॉइंटर डोळ्यांकडे कधीच धरू नका.)

राहिला कोलाहल, म्हणजे प्रकाशातले बारीक अनियमित चढउतार. लेसरमध्येही आपसूक सुटणारा प्रत्येक फोटॉन लहरीच्या कलेला (डोलण्याच्या टप्प्याला) किंचित धक्का देतो, म्हणून त्याची वर्णरेषा (वर्णपटातली अरुंद पट्टी) कधीच शून्य रुंदीची होत नाही.