मदत हवी आहे: बर्फात व्हीलचेअर कशी चालवायची?
नमस्कार मंडळी, मी टोरांटोत राहते, हाताने चालवायची फोल्डिंग व्हीलचेअर आहे. फूटपाथ साफ करतात हो, पण रस्त्यावरचा प्लाऊ, म्हणजे बर्फ बाजूला सारणारी गाडी, नेमका क्रॉसिंगच्या उताराशी बर्फाचा ढीग लावून जातो, पुढची छोटी चाकं त्यात रुततात आणि मग कोणी ढकलेपर्यंत तिथेच अडकून बसायचं, खूप त्रास होतो. ती छोटी चाकं उचलून धरणारं फ्रीव्हील, म्हणजे पुढे लावायचं एक मोठं चाक, कोणी फोल्डिंग खुर्चीला बसवलंय का? हातमोजे कुठले घेता? लोकरीचे ओले होतात, चाक फिरवायच्या रिमवरून घसरतात, बोटं पार बधिर. आणि बर्फ वितळायला रस्त्यावर टाकलेलं मीठ चाकांच्या बेअरिंगमध्ये जातं त्याचं काय करता? मला रोज बाहेर पडायचंय, प्लीज अनुभव सांगा.