ट्यूबचा मॉनिटर दुरुस्त करायचा की सपाट घ्यायचा?

लक्ष्मीपुरी_डीटीपी

मंडळी, कोल्हापुरात लक्ष्मीपुरीत माझं डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, हँडबिलं, वास्तुशांतीची कार्डं असलं काम. कोपऱ्यातल्या टेबलावर २००३ सालचा १७ इंची ट्यूबचा मॉनिटर परवापर्यंत कामावर होता. गेल्या आठवड्यात आतून चटचट आवाज यायला लागला, चित्र मधूनच फुगायचं, आकसायचं. शनिवारी बंदच पडला. मेकॅनिक म्हणाला ईएचटी (ट्यूबला हजारो व्होल्ट पुरवणारा ट्रान्सफॉर्मर) गेली, ९०० रुपये होतील. पोरगा म्हणतोय भंगारात घाला, सात हजारात २२ इंची फ्लॅट येतो.

माझा कल दुरुस्तीकडं आहे, आणि हौसेपोटी नाही. पत्रिका पसंत करायला एकटं कुणी येत नाही. मुलीची आई स्टुलावर, वडील शेजारी, मामा मागं उभा. काउंटरला २०१४ पासून एक फ्लॅट आहे. त्याच्यावर मरून रंग दाखवला की आई म्हणते काळपट दिसतोय, मामा म्हणतो फिका आहे. दोघंही खरं बोलतात! उभं राहून बघितलं की एक रंग, बसून बघितलं की दुसरा. शेवटी सगळ्यांना उठवून ट्यूबपाशी नेत होतो. तिथं दाराजवळून बघा नाहीतर टेबलाखालून, रंग तोच.

दुसरी अडचण म्हणजे ट्यूबचं मशीन विंडोज ९८ वर आहे. पॅरलल पोर्टला डोंगल (सॉफ्टवेअरची किल्ली, ती काढली की सॉफ्टवेअर चालत नाही), आणि वीस वर्षांचं मॅटर जुन्या फाँटात. त्याला फ्लॅट जोडून बघितला, तर १०२४ बाय ७६८ चं चित्र ताणून रुंद झालं. पत्रिकेवरचा गणपती आडवा सुटलेला बघून गिऱ्हाईक म्हणालं, "मालक, मोदक जास्त झाले वाटतं."

फेकून द्या म्हणणाऱ्यांनी निदान कारण सांगावं.

शाहूपुरी_तिसरी_गल्ली

कारण घ्या, आकड्यात. तुमची ट्यूब ८० वॅटच्या आसपास खाणार, २२ इंची एलईडी फार तर २०. फरक ६० वॅटचा. दिवसाला १० तास दुकान, वर्षाचे ३०० दिवस, म्हणजे १८० युनिट. दुकानाच्या मीटरला युनिट दहा रुपयांच्या खाली पडत नाही. वर्षाला १८०० रुपये नुसते काच तापवायला जातात. चार वर्षांत नवा मॉनिटर फुकट.

भारनियमनाचे दिवस विसरलात का? माझ्या सायबर कॅफेत सहा ट्यूब होत्या. लाइट गेली की यूपीएस कोकलायचे आणि पोरांनी मेल पाठवायच्या आत मान टाकायचे. दोन टेबलांवर फ्लॅट आणले, तर तोच यूपीएस दुपटीनं चालला.

आणि वजन! २०१९ च्या पुरात गल्लीत पाणी चढताना मी दोन फ्लॅट एका काखेत आणि सीपीयू दुसऱ्या हातात घेऊन जिना चढलो. शेजाऱ्याची ट्यूब दोघांनी उचलली तरी तिसऱ्या पायरीवर टेकवावी लागली.

लक्ष्मीपुरी_डीटीपी

विजेचा हिशोब बरोबर आहे, पण माझी ट्यूब दिवसाला दोन-तीन तासच चालते. तुमचे १८०० माझ्याकडं ५०० होतात. वजनाचं मान्य, पण टेबलावर बसलेल्या मॉनिटरचं वजन मला रोज थोडंच उचलायचंय?

कीबोर्डवाली

मी अकरा वर्षं एका कार्यालयात ट्यूबसमोर बसून टायपिंग केलंय. रोज चारच्या सुमाराला कपाळाच्या डाव्या बाजूला ठणका सुरू. चष्म्याचा नंबर तपासला, पित्त म्हणून औषधं घेतली. २००९ मध्ये सगळ्यांना फ्लॅट आले आणि महिन्याभरात दुखणं थांबलं. कुणी कितीही रंगाचं कौतुक सांगा, मी त्या काचेसमोर परत बसणार नाही.

लक्ष्मीपुरी_डीटीपी

ताई, तो दोष ट्यूबचा कमी आणि सेटिंगचा जास्त. विंडोज बऱ्याचदा ६० हर्ट्झवर चालायचं, म्हणजे सेकंदाला ६० वेळा पडदा उजळतो आणि विझतो. थेट बघताना कळत नाही, पण डोळ्याच्या कोपऱ्यातून थरथर जाणवते. डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये जाऊन ८५ केलं की चित्र शांत होतं. मी पहिल्या दिवसापासून ८५ वर चालवतोय.

कीबोर्डवाली

अहो, पण ते मला अकरा वर्षांत कुणी सांगितलं? साहेबांना माहीत नव्हतं, मशीन बसवून गेलेल्या माणसानं सांगितलं नाही. शंभरातल्या नव्वद टेबलांवर जी वस्तू चुकीच्या सेटिंगवर चालते, तिला चांगली कसं म्हणायचं? फ्लॅटमध्ये ६० असलं तरी पडदा तसा विझत नाही, मागचा दिवा चालू राहतो. न शिकताही डोळे वाचतात.

लक्ष्मीपुरी_डीटीपी

याला माझ्याकडं उत्तर नाही.

चार_रंगी_ऑफसेट

डीटीपीवाले, रंगाबद्दल तुमच्याशी भांडायचंय. ट्यूबचा मरून खरा हे कुणी सांगितलं? ट्यूब चालू केल्यावर रंग स्थिर व्हायला वीस-तीस मिनिटं जातात. वीस वर्षांत आतला फॉस्फर (काचेवरचा उजळणारा थर) झिजतो, किरण सोडणाऱ्या तिन्ही गनची ताकद सारखी राहत नाही. मामा आणि आई दोघांना एकच रंग दिसतो हे खरं, पण तो छपाईत येणारा रंग असेलच असं नाही. काच लाल-हिरवा-निळा उजेड टाकते, आम्ही कागदावर चार शाया टाकतो. तुमच्याकडून पसंत होऊन आलेला मरून माझ्या मशीनवर विटकरी निघाला की शिव्या मी खातो. गिऱ्हाइकाला शेडकार्ड (छापील रंगांचे नमुने) दाखवा, काच नको.

आणि बाजूनं रंग बदलतो ही सगळ्या फ्लॅटची गोष्ट नाही. तुमचा काउंटरवरचा टीएन जातीच्या पॅनेलचा असणार, स्वस्तातले तेव्हा बहुतेक तेच होते. आयपीएस जातीचा घ्या. हे पॅनेल हिताचीनं १९९६ मध्येच आणलं, फक्त आपल्या खिशाला परवडायला उशीर लागला. मामाला स्टुलावर उभा केलात तरी मरून मरूनच राहील.

ट्यूबच्या कोपऱ्यातली अक्षरं कधी भिंगातून बघितलीत का? तिन्ही किरण तिथं नीट जुळत नाहीत, अक्षराला एकीकडं लाल आणि एकीकडं निळी किनार येते. दहा पॉइंटात अनुस्वार आहे की धूळ बसलीय ते कळत नाही. "चि. सौ. कां." मधला कांचा अनुस्वार उडालेली पत्रिका मी छापलीय. प्रूफ ट्यूबवरच वाचलं होतं.

उद्यमनगर_व्हीएमसी

आमच्याकडं वेगळीच गंमत हाय. शॉपमधल्या जुन्या व्हीएमसीच्या (कॉम्प्युटरवर चालणारं मिलिंग मशीन) पॅनेलला १४ इंची ट्यूब हाय. ती अंधूक झाली, ऑफसेट (टूलच्या मापाचे आकडे) वाचायला ऑपरेटर टॉर्च... न्हाई न्हाई, टॉर्च न्हवं, हातानं सावली धरून वाचायचा. मी म्हटलं, त्यात काय, घरातला फ्लॅट आणून जोडतो. कनेक्टर जुळवला, चालू केला, तर पडद्यावर नुसतं 'आउट ऑफ रेंज'. नंतर कळलं, त्या कंट्रोलरचा सिग्नल १५ किलोहर्ट्झचा आणि कॉम्प्युटरचा मॉनिटर ३१ च्या खाली बघतच न्हाई. मधी कन्व्हर्टरचं कार्ड टाकावं लागतं. ते टाकलं आणि आता झ्याक चाललंय.

ट्यूबचा आणखी एक ताप सांगतो. शेजारी सरफेस ग्राइंडर, त्याचा मॅग्नेटिक चक, म्हंजी जॉब धरून ठेवणारं लोहचुंबक. मशीन सरकवून जवळ आणलं आणि ट्यूबचा डावा कोपरा जांभळा. पोरं म्हणायची रंगीत झाला मॉनिटर! आत इलेक्ट्रॉनचा किरण असतोय, लोहचुंबक दिसलं की वाट सोडतोय. फ्लॅटला चुंबक घासलं तरी काय फरक पडत न्हाई.

रंकाळा_गेमर

काका, भंगारात घालू नका, मला द्या. जुन्या गेममध्ये हलणारं चित्र ट्यूबवर जितकं स्वच्छ दिसतं तितकं साध्या फ्लॅटवर दिसत नाही. फ्लॅट प्रत्येक चित्र पुढचं येईपर्यंत धरून ठेवतो, म्हणून डोळ्याला पुसट वाटतं. ट्यूब एक झटका उजेड देते आणि विझते. सोनीचा जीडीएम-एफडब्ल्यू९०० म्हणून २४ इंची रुंद ट्यूब मॉनिटर होता, त्याच्यासाठी परदेशात लोक अजून पैसे मोजतात.

कीबोर्डवाली

"झटका देते आणि विझते." माझं कपाळ त्यालाच दुखत होतं बाळा.

सोल्डर_मास्तर

मी १९९६ पासून मॉनिटर उघडतोय, दोन्ही जातींचे. भांडण छान आहे, पण डीटीपीवाल्यांचा प्रश्न ९०० रुपयांचा होता, त्याबद्दल बोलतो.

चटचट आवाज आणि चित्र फुगणं म्हणजे ईएचटी, हे निदान बरोबर वाटतंय. पण नवी ईएचटी आता मिळत नाही. मेकॅनिक दुसऱ्या मेलेल्या मॉनिटरची काढून बसवणार. तीही तेवढ्याच वयाची. सहा महिने चालेल, सहा वर्षं चालेल, मी लिहून देणार नाही. त्याआधी ट्यूब डाउन (कमजोर) आहे का ते बघायला पाहिजे. चालू केल्यावर पहिली दहा मिनिटं चित्र काळवंडलेलं आणि मग उजळायचं, असं होत होतं का? होत असेल तर ९०० पण घालू नका, ट्यूबच संपत आलीय.

कृपा करून घरी उघडू नका. १७ इंचीत २५ हजार व्होल्टच्या आसपास ताण असतो आणि प्लग काढल्यावरही ट्यूबमध्ये चार्ज राहतो. माझ्या पहिल्या वर्षी रबरी टोपीखाली बोट गेलं होतं. हात मागं आला तो सरळ पाठीमागच्या रॅकवर आपटला. करंटनं नाही, त्या रॅकनं तीन टाके पडले.

फ्लॅटवाल्यांनीही फार टेंभा मिरवू नये. पाचपैकी तीन फ्लॅट माझ्याकडं येतात ते पॉवर सप्लायचे कपॅसिटर फुगून. दोन-तीनशे रुपयांत चालू होतात आणि लोक ते कचऱ्यात टाकतात. पॅनेलला तडा गेला तर मात्र हात जोडायचे.

आता गणपतीचं. आधी मॉनिटरच्या मेनूत ४:३ असा पर्याय आहे का बघा, असला तर गणपती लगेच बारीक होईल. नसेल तर सेकंडहँड १५ इंची चौकोनी फ्लॅट शोधा. त्याच्या पडद्यावर मुळातच १०२४ बाय ७६८ ठिपके असतात, तुमच्या ९८ च्या चित्राला एकास एक बसतात. ताणणं नाही, पुसटपणा नाही. हजार-बाराशेत मिळतो. १७ इंची चौकोनी घेतलात तर तो १२८० बाय १०२४ चा, मशीनमधल्या डिस्प्ले कार्डाला झेपतंय का बघून घ्या. काउंटरला आयपीएस, आणि घेताना मागं व्हीजीए (जुन्या मशीनची केबल लागते ते सॉकेट) आहे का बघा, बऱ्याच नव्यांना फक्त एचडीएमआय असतं.

शाहूपुरी_तिसरी_गल्ली

म्हणजे दोन फ्लॅट. मी काय वेगळं म्हणत होतो?

लक्ष्मीपुरी_डीटीपी

तुम्ही वीजबिल म्हणत होता, मास्तर गणपतीचं म्हणाले.

मास्तर, काळवंडून उजळायचं कधी झालं नाही, चालू केल्या केल्या लख्ख. १५ इंची चौकोनी तुमच्याकडं असेल तर ठेवा, ऑफसेटवाल्यांच्या शेडकार्डाचंही करतो. पण ट्यूब फेकवत नाही हो. बटण दाबल्यावर थुंग करून पडदा थरथरतो ना, त्याच्याशिवाय दुकान उघडल्यासारखं वाटत नाही. आणि भंगारवाल्याला द्यावी तर तो गल्लीतच मान मोडून तांब्याची गुंडाळी काढतो आणि काच ओढ्यात टाकतो, हे मी डोळ्यांनी बघितलंय. त्या काचेत शिसं असतंय म्हणे.

सोल्डर_मास्तर

असतंयच, मागच्या नरसाळ्यात आणि मानेत. भंगारवाल्याला देऊच नका. ईएचटीवर नंबर छापलेला असतो, तो जुळला तर माझ्याकडच्या मेलेल्या पाच-सहांतली एक बसेल. नाही जुळला तर मॉनिटर माझ्याकडंच ठेवा, सुटे भाग कामाला येतील. रंकाळ्याच्या पोरालाही सांगून ठेवतो.

बुधवारी अकरानंतर आणा. रिक्षात काच छातीकडं करून धरा, मानेवर भार नको. आणि पोराला बरोबर घ्या, एकट्यानं उचलू नका.