बीट करायला आधी सिंथ घ्यावा का सॅम्पलर?

परभणीकर_पॅड:
सोयाबीनचे पैसे आले, घरचं भागवून माझ्या हातात ४० हजार उरलेत. मागच्या आठवड्यात इथं कुणीतरी लिहिलं होतं की हिप-हॉपचे बीट (रॅपमागचं वाजवणं) करायचे तर आधी सिंथ घ्या, म्हणजे विजेच्या सर्किटातून स्वतःच आवाज तयार करणारं यंत्र. मला पटलं नाही. हे संगीत वाढलंय ते सॅम्पलरवर, म्हणजे आवाज भरून घेऊन पॅडवर वाजवायच्या यंत्रावर. ई-म्यूचा एसपी-१२०० आला १९८७ ला, अकाईची एमपीसी-६० १९८८ ला. एसपीत जेमतेम १० सेकंद आवाज मावायचा, म्हणून पोरं मिनिटाला ३३ फेऱ्यांची तबकडी ४५ फेऱ्यांवर पळवून भरून घ्यायची आणि आत गेली की सूर खाली ओढायची. तो जाडाभरडा आवाज तिथून आलाय. मी तर सेकंडहँड एमपीसीच बघायलोय.

लातूरी_ऑसिलेटर:
म्हणजे जन्मभर दुसऱ्याच्या गाण्याचे तुकडे कापत बसणार? यूट्यूबवर टाकलं की कॉपीराइटचा क्लेम आलाच. आणि ८०८ या ड्रममशीनला विसरलास व्हय? तिचा किक (ढोलासारखा जड ठोका) सर्किटातून तयार होतो, कुठून उचललेला नाही. म्हणजे सिंथच की! रॅपचे बीट करणाऱ्या डॉ. ड्रेच्या बीटवरची ती शिट्टीसारखी लीडपण (वरची धून) सिंथचीच. एक ऑसिलेटर (मूळ सूर काढणारा भाग), एक फिल्टर (त्यातला काही आवाज गाळणारा) समजून घे, बेस (खालचा जड सूर) स्वतःचा होईल.

बीड_बेसमेंट:
दोघंबी हौशी. लॅपटॉपवर एफएल स्टुडिओ हे बीट करायचं सॉफ्टवेअर टाक, बरे हेडफोन घे, उरलेले पैसे आईला दे. मी विजेवरचं पॅडमशीन घेतलं होतं. चार तास बसून बीट जमवला, सेव्ह करायच्या आत लाईट गेली. लॅपटॉपला बॅटरी असते, भाऊ.

परभणीकर_पॅड:
लाईटचं खरंय, आमच्याकडंपण तेच. पण एसपी-४०४ मार्क-२ हा सॅम्पलर सहा पेन्सिल सेलवर चालतो. आणि माऊसनं ठोके मांडणं म्हणजे चमच्यानं भाकरी खाणं. एमपीसी घडवणाऱ्या रॉजर लिननं तिच्यात स्विंग दिला, त्यात दर दुसरा सोळावा ठोका जरा मागं सरकतो. ५० टक्क्यांवर सरळ चाल, ६६ च्या आसपास तिस्र, म्हणजे तीनाची चाल. पॅडवर बोट पडलं की ते अंगात भिनतं. बीटचा उस्ताद जे डिला, त्याची एमपीसी-३००० वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात ठेवलीय, उगाच का?

बीड_बेसमेंट:
काचेत ठेवलीय ना? मग तिच्यावर आता कोण बीट करायलंय! स्विंगचं बटण एफएलमध्येही आहे. आणि पॅडच पाहिजेत तर यूएसबीवाले स्वस्तातले घे.

हलगी_तापव:
मशीनवरून भांडायलात, पण भरणार काय त्यात? तीच इंटरनेटवरची ड्रम किट? मी गेल्या साली गावच्या जत्रेत हलगी भरली, साध्या मोबाईलवर. वाजवणारे काका आधी कडब्याच्या जाळावर कातडं शेकायचे, बोटानं टिचकी मारून बघायचे. ताजी तापलेली असली की काडीचा ठोका चटका बसल्यागत लागतो, थोड्या वेळानं उतरतो. मी दोन्ही भरले. उतरलेला आवाज सात सेमिटोन (अर्धे सूर) खाली नेला तर असला किक झाला की ८०८ आठवेना. हे सिंथवर काढून दाखवा बरं. क्लेमपण येत नाही. फक्त काकांना विचारून भरा, आणि बिदागी द्या.

लातूरी_ऑसिलेटर:
हलगीला सलाम. पण तिच्याखाली सुरातली बेसलाईन कोण धरणार, दादा? फिरून सिंथच आला.

परभणीकर_पॅड:
ही गोष्ट मात्र डोक्यात बसली. रविवारी मामाच्या गावाला जातो, हलगी भरून फाईल इथं टाकतो. लातूरकरांनी तिच्याखाली सिंथचा बेस लावावा, बीडवाल्यांनी सगळं लॅपटॉपवर करावं, मी मित्राचा सॅम्पलर मागून आणतो. तोवर ४० हजार बँकेतच.

बीड_बेसमेंट:
फाईल वेव्हमध्ये टाक, त्यात आवाज दाबला जात नाही. व्हॉट्सॲपवरून पाठवून आवाजाचा चुरा करू नको.